एका किल्लीतल्या तीन किल्ल्या: कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

गाडीची किल्ली हरवली. प्रवासातून घरी आले, दारात उभी राहून पिशवीत हात घातला तर पुढच्या कप्प्याची चेन उघडी. पाकीट जागेवर, फोन जागेवर, किल्ली नाही. पिशवी जमिनीवर उलटी केली, अस्तर चाचपलं, आल्या वाटेने परत गेले. जिथे जिथे थांबले होते तिथे विचारलं, माझा नंबर देऊन ठेवला.

खरा घोर लागलाय तो किल्लीच्या कडीत अडकवलेल्या बिल्ल्याचा. त्यावर गाडीचा नंबर आहे. किल्ली ज्याच्या हाती लागेल त्याला गाडी ओळखायला तेवढं पुरे. संध्याकाळी पोलिसांत नोंद केली, विमा कंपनीला कळवलं. दुसरी किल्ली कपाटात होती. तिच्या रिमोटला काही प्रतिसाद मिळाला नाही, म्हणून पात्याने दार उघडलं आणि आतली कागदपत्रं घरात आणली. उद्या तिच्यावरच गाडी चालू करून बघते.

२ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्या किल्लीने दार उघडतं. इग्निशनमध्येही ती अलगद फिरते. स्टार्टर फिरला, पण इंजिन काही पेटेना. चार-पाच वेळा करून पाहिलं. दादा शेजारी बसला होता, म्हणाला, "अगं, पेट्रोल तर संपलं नाही ना?" टाकी अर्धी आहे.

मग त्यानेच डॅशबोर्डवरचा छोटा लाल दिवा दाखवला. एरवी किल्ली फिरवली की तो तीन सेकंद लागतो आणि विझतो. आज भराभर लुकलुकत होता आणि थांबत नव्हता. मॅन्युअल काढून वाचलं. त्याचा अर्थ, इमोबिलायझरला, म्हणजे अनोळखी किल्लीवर इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, किल्ली ओळखता आली नाही. अशा वेळी गाडी स्टार्टर फिरू देते, पण इंजेक्टर बंद ठेवते. पेट्रोल टाकीत असतं, सिलिंडरपर्यंत पोचत नाही.

आपलीच किल्ली, याच गाडीबरोबर आलेली. मग ओळख का पटत नाही? रात्रभर तेच डोक्यात.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठवलं. चारेक वर्षांपूर्वी या किल्लीचं कव्हर फुटलं होतं. मी नवं रिकामं कव्हर मागवलं, जुन्यातलं पातं आणि रिमोटचं सर्किट काढून त्यात बसवलं. दार उघडतंय, रिमोट चालतोय एवढं पाहिलं आणि किल्ली कपाटात ठेवून दिली. इंजिन चालू करून पाहिलंच नव्हतं.

आज नखाने कव्हर उघडलं. पात्याच्या मुळाशी प्लॅस्टिकमध्ये एक छोटा खड्डा आहे, साधारण तांदळाच्या दोन दाण्यांएवढा लांब. रिकामा. गाडी जिच्यावरून किल्ली ओळखते ती चिप तिथे बसते. ती १२ मिलिमीटर लांबीची काळी वडी जुन्या कव्हरला चिकटून राहिली असणार. ते जुनं कव्हर कुठे गेलं, आठवत नाही. बहुधा फेकून दिलं.

म्हणजे आपण जिला एक किल्ली म्हणतो त्या तीन असतात. पात्याचं नातं लॉकशी, रिमोटचं दारांशी आणि चिपचं इंजिनच्या कॉम्प्युटरशी. एकाच कव्हरात राहतात, पण एकमेकींना ओळखतही नाहीत. माझ्या किल्लीतलं पातं शाबूत होतं, रिमोटचं सर्किट होतं, फक्त चिप नव्हती, आणि वरून बघून ते कुणालाही कळलं नसतं.

चिपला सेल लागत नाही, हे मला आजवर माहीत नव्हतं. इग्निशनच्या लॉकभोवती तांब्याच्या तारेची एक कॉइल असते. किल्ली फिरवली की ती कॉइल आसपास चुंबकीय क्षेत्र तयार करते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर, काहींत १३४.२ वर. त्या क्षेत्रातूनच चिपला चालण्यापुरती वीज मिळते. मग गाडी चिपला एक आकडा पाठवते. चिप आपल्या पोटातली गुप्त संख्या वापरून त्याचं उत्तर काढते, गाडी तोच हिशोब स्वतः करून ताडून बघते. उत्तर जुळलं तर इंजिनची वाट मोकळी. गुप्त संख्या स्वतः कधीच हवेतून जात नाही, आणि दर वेळी प्रश्न नवा असल्याने जुनं उत्तर कुणी टिपून ठेवलं तरी उपयोग नाही. आपण किल्ली फिरवून मनगट सरळ करेपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस फोनाफोनी. दोन वाटा दिसतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चॅसिस नंबरवर नवी किल्ली मागवायची, पण गाडी तिथे उचलून न्यावी लागेल, कारण ती हलत नाही. नाहीतर किल्लीचं काम करणारा माणूस मशीन घेऊन गाडीपाशी येतो. दुसऱ्या वाटेवर विश्वासाचा प्रश्न मोठा, म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली: "तुम्हाला माझ्याकडून काय काय लागेल?" ज्यांनी आधी गाडीचे कागद आणि माझं ओळखपत्र मागितलं, त्या काकांना बोलवायचं ठरवलं. न विचारता कुणाच्याही गाडीची किल्ली करून देणारा माणूस मला नको.

काकांनी फोनवर आणखी एक विचारलं, जे बाकी कुणीच विचारलं नव्हतं. "ताई, नुसती नवी किल्ली हवी, का हरवलेली बंदही करायची?" मी म्हटलं, बंद करायची. ते म्हणाले, "मग घरात असतील नसतील तेवढ्या किल्ल्या समोर ठेवा. गाडीची मेमरी पुसली की जी त्या दिवशी हजर नाही ती गेली."

सोमवारी येतो म्हणाले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझी एक चूक इथे लिहून ठेवते, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल. काकांना बोलवायच्या आधीच मी घाईघाईने ऑनलाइन एक घडीची किल्ली मागवली होती, फोटो हुबेहूब जुळतोय म्हणून. ती आज आली. पातं कोरं, बटणं तीच, खूणही तीच. कव्हर उघडलं तर सर्किटवर बारीक अक्षरात ३१५ छापलेलं. माझ्या जुन्या सर्किटवर ४३३.९२ आहे. या मेगाहर्ट्झमधल्या रेडिओ फ्रिक्वेन्सी. काही देशांतल्या गाड्या ३१५ वर ऐकतात, काहींतल्या ४३३.९२ वर. बाहेरून दोन्ही किल्ल्या जुळ्या बहिणी, पण हिचा रिमोट माझ्या गाडीला कधीच ऐकू जाणार नाही. परत पाठवणार होते, पण काकांनी फोनवर सांगितलं, ठेवा, आतली चिप कामाची असेल.

रात्री या चिपांचा इतिहास वाचत बसले. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटच्या किल्लीच्या पात्यात एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा भाग, बसवला होता. गाडी त्याचा रोध मोजायची. एकूण १५ किमती होत्या, म्हणजे पंधरा किल्ल्या जवळ ठेवणाऱ्याला कधी ना कधी जमणारच. त्या वेळी मात्र ती मोठी मजल होती. ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चिप म्हणजे अभेद्य किल्ला, असंही नाही. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका चिपची गुप्त संख्या शोधून काढून दाखवली. ती संख्या ४० बिटांची, म्हणजे शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी. सोळा प्रोग्रामेबल चिपा एकत्र जोडून त्यांनी ती तासाभराच्या आत गाठली. नंतरच्या चिपांत ८० आणि १२८ बिटांच्या संख्या आल्या त्या अशाच धड्यांतून.

हे वाचून मन शांत होण्याऐवजी उलटंच झालं. माझी किल्ली ज्याला सापडली असेल त्याला काहीच फोडायची गरज नाही. उत्तर देणारी चिपच त्याच्या हातात आहे. इलाज एकच: गाडीने तिला विसरायला हवं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कामाचा दिवस. सविस्तर लिहिते.

काकांनी आल्या आल्या कागद मागितले. कागदावरचा चॅसिस नंबर विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या नंबराशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला, माझं ओळखपत्र पाहिलं, वहीत नोंद करून माझी सही घेतली. मगच अवजारांची पेटी उघडली.

पहिलं काम बॅटरीचं. मल्टीमीटर लावला, १२.१ व्होल्ट. इग्निशन चालू केल्यावर ११.७. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. माझीच चार-पाच वेळा स्टार्टर फिरवायची खटपट तिला भोवली होती. काकांनी बॅटरीला बाहेरून वीज देणारा सप्लाय जोडला आणि व्होल्टेज तेराच्या वर स्थिर होईपर्यंत पुढे हात लावला नाही. म्हणाले, मेमरी लिहिताना मध्येच व्होल्टेज पडलं तर गाडीचा कॉम्प्युटर अर्धवट लिहिलेलाच राहतो, आणि मग किल्लीपेक्षा मोठं दुखणं.

दुसरं पात्याचं. मला वाटलं होतं, जुनं पातं मशीनमध्ये धरायचं आणि तसंच नवं कापायचं. काकांनी मान हलवली. या पात्याला कडेला दात नाहीत, दोन्ही अंगांना मधोमध एक नागमोडी खाच आहे. बारा वर्षांत तिच्या कडा घासल्या आहेत. नक्कल केली तर झीजही नव्या पात्यात उतरते, आणि नक्कलेची नक्कल लॉकमध्ये अडकायला लागते. पण कारखान्यात खाचांची खोली मन मानेल तशी नसते, ठरलेल्या पायऱ्यांत असते. काकांनी प्रत्येक जागेची खोली मोजली, जवळची पायरी धरली, आणि त्या आकड्यांवरून पातं कापलं. म्हणजे नवं पातं माझ्या झिजलेल्या पात्यासारखं नाही, कारखान्यातून निघालेल्या पहिल्या पात्यासारखं झालं. कापताना निघालेला चकाकता भुसा त्यांनी ब्रशने झाडला, कडांवरून बारीक कानस फिरवली, आणि मला म्हणाले, "तुम्हीच लावून बघा." दाराचं लॉक इतकं हलकं फिरलं की क्षणभर वाटलं, लागलंच नाही.

माझ्या ऑनलाइन मागवलेल्या किल्लीचं कोरं पातंही त्यांनी त्याच आकड्यांवर कापून दिलं. मग तिचं कव्हर उघडून आतली चिप चिमट्याने काढली आणि माझ्या कपाटातल्या किल्लीच्या रिकाम्या खड्ड्यात अलगद बसवली. चार वर्षं उघडा पडलेला तो खड्डा भरलेला पाहून मला फार बरं वाटलं. आता हिशोब असा: काकांनी आणलेली एक पूर्ण नवी किल्ली, कपाटातली जुनी किल्ली नव्या चिपसह, आणि पातं कापलेली पण चिप नसलेली तिसरी.

मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये मशीन जोडलं. पडद्यावर ओळ आली: नोंदवलेल्या किल्ल्या २. एक हरवलेली. आणि दुसरी? काका म्हणाले, तुमच्या जुन्या कव्हरबरोबर गेलेली चिप. गाडीच्या लेखी ती अजून या घरातच होती.

पुसण्याची आज्ञा दिल्यावर लगेच काही होत नाही. या गाडीत दहा मिनिटं थांबावं लागतं. ही वाट बघायला लावणं मुद्दाम आहे, चोराकडे सर्वात कमी असतो तो वेळ. इग्निशन चालू, लाल दिवा लुकलुकतोय, आणि आम्ही दोघं गप्प. दहा मिनिटं संपली, आकडा २ चा ० झाला. त्या शून्याकडे बघून छातीत धस्स झालं. या घडीला जगातली कुठलीही किल्ली ही गाडी चालू करू शकत नव्हती.

पहिली किल्ली लावून फिरवली. आकडा १. मी उतावीळपणे स्टार्टर दिला, इंजिन पेटलं नाही. काकांनी हात वर करून थांबवलं. या गाडीत सगळ्या किल्ल्या पुसल्यावर किमान दोन नोंदवल्याशिवाय इंजिन सुटत नाही. दुसरी लावली. आकडा २. लाल दिवा तीन सेकंद लागला आणि विझला.

मग स्टार्टर. पहिल्याच झटक्यात इंजिन चालू. व्होल्टमीटर १४.२ वर गेला. दादा गॅलरीतून टाळ्या वाजवत होता.

१० फेब्रुवारी, रात्री

काकांना पुढच्या कामाला जायचं होतं. रिमोट नोंदवायला मशीन लागत नाही म्हणून त्यांनी कृती सांगितली, ती मॅन्युअलशी ताडून संध्याकाळी केली.

कपाटातल्या किल्लीचा सेल आधी बदलला. सीआर२०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. नावातच माप आहे. जुना मोजला तर ३ ऐवजी २.३ व्होल्ट. शनिवारी रिमोट गप्प होता तो यामुळेच. गाडी चालू होण्याशी मात्र या सेलचा काही संबंध नाही, चिपचं पोट कॉइल भरते. बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांतही असंच असतं. सेल संपला तर किल्ली थेट बटणाला किंवा ठरवून दिलेल्या जागी टेकवायची, आतली चिप तेवढ्या अंतरावरून उत्तर देते. दारासाठी किल्लीच्या पोटात एक छोटं धातूचं पातं दडवलेलं असतं. माझ्या मैत्रिणीला आजच फोन करून ते कुठे आहे ते शोधायला लावलं.

कृती: सहा सेकंदांत किल्ली बंदवरून चालूवर चार वेळा फिरवायची, गाडी टिंग करते, मग दहा सेकंदांत पहिल्या रिमोटचं कुठलंही बटण दाबायचं, पुन्हा टिंग, मग दुसऱ्याचं. पहिल्यांदा माझा हात हळू पडला. दुसऱ्या खेपेला टिंग झालं. दोन्ही रिमोट एकाच बैठकीत करायचे, कारण नवी नोंदणी सुरू झाली की आधीचे सगळे रिमोट गळतात. मला तेच हवं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हिशोब पूर्ण नाही. चिप पुसली, रिमोट गळला, पण हरवलेल्या किल्लीचं पातं पोलादाचं आहे, त्याला कुणी पुसू शकत नाही. दार अजून उघडेल. काकांना विचारलं. लॉकमधल्या पत्र्या बदलून देता येतात, पण मग दाराची किल्ली वेगळी आणि इग्निशनची वेगळी. सध्या तसं करत नाही. गाडीत एकही वस्तू ठेवायची नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगितला.

एक शंका मात्र जात नाही. आकडा ० झालेला मी पाहिला. पण विसरलेली चिप लावली तर गाडी खरंच ओळख नाकारते का, हे डोळ्यांनी बघितलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

जुनं कव्हर सापडलं. फेकलं नव्हतं. दादा भिंतीतली खुंटी बसवायला स्क्रू शोधत होता, स्क्रूंच्या डब्याच्या तळाशी फुटक्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे होते. एकाला काळी वडी घट्ट चिकटलेली. ब्लेडच्या टोकाने हळूहळू सोडवली, जराही टवका उडू दिला नाही.

म्हणजे हरवलेल्या किल्लीबरोबर पुसली गेलेली तिची बहीण माझ्या तळहातावर होती. शंका फेडायची संधी.

तिसऱ्या किल्लीतला चिपचा खड्डा रिकामाच होता. चिप त्यात बसवली. बाकीच्या दोन्ही किल्ल्या घरात ठेवल्या, जवळ असल्या तर कॉइलला चुकून त्यांचं उत्तर मिळू नये म्हणून. पातं इग्निशनमध्ये फिरलं. स्टार्टर फिरला. इंजिन पेटलं नाही. लाल दिवा भराभर लुकलुकत राहिला. दोन फेब्रुवारीला जो दिवा बघून पोटात गोळा आला होता, तोच आज बघत मी मिनिटभर निवांत बसले. बारा वर्षं या गाडीची असलेली चिप गाडीला परकी झाली होती. जी बाहेर कुठे पडली आहे तिलाही हेच उत्तर मिळणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅन्युअलमध्ये आहे की दोन चालू किल्ल्या हातात असतील तर तिसरी मालकाला स्वतः नोंदवता येते. दोनपेक्षा कमी असतील तर नाही, मग मशीनच लागतं. या गाडीच्या मेमरीत आठ किल्ल्यांना जागा आहे.

दादाला घड्याळ धरून बसवलं. पहिली किल्ली चालूवर, तीन सेकंद, बंद, काढली. दहा सेकंदांच्या आत दुसरी, तसंच. दहा सेकंदांच्या आत तिसरी. "सात... आठ," दादा मोजत होता, तोवर ती चालूवर गेली होती. लाल दिवा तीन सेकंद लागला आणि विझला.

स्टार्टर दिला. जुन्या चिपवर इंजिन चालू झालं.

या किल्लीचा रिमोट माझ्या गाडीला चालत नाही, दार पात्यानेच उघडायचं. कडीत बिल्ला लावलेला नाही. ती दादा त्याच्या घरी घेऊन गेला.